आमेन होईपर्यंत

माझ्या धाकट्या भावाने ख्रिस्ती घर उभारायला घेतलं, त्याला आता वर्ष होत आलं. घर आधीच उभं होतं, विटांचं, आमच्या वडिलांनी बांधलेलं. पण चर्चच्या मंडळीच्या एका शिबिराला तो जाऊन आला आणि त्याला साक्षात्कार झाला की आपल्या घराचा पायाच कच्चा आहे. चार दिवस आयतं जेवून, दुपारी झोप काढून आलेल्या माणसाला असले साक्षात्कार होतात.

त्याचं टायरचं दुकान आहे. लोक टायर दाखवायला आणतात आणि हा मान हलवून सांगतो की आता काही खरं नाही, नवाच घ्या. तोच चेहरा घेऊन तो संध्याकाळी घरी येतो आणि आमच्याकडे बघतो. मंडळीत त्याला सगळे बंधू म्हणतात. मी त्याची थोरली बहीण. लग्न केलं नाही, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केली, आता निवृत्त आहे. मागची खोली वडिलांनी माझ्या नावावर केली, म्हणून तो मला सहन करतो. मी त्याला सहन करते ते माझ्या भावजयीसाठी.

शिबिराहून आल्यावर रोज संध्याकाळी सातला कौटुंबिक उपासना सुरू झाली. हातांची खुर्ची त्याची. समोर एका रांगेत आम्ही तिघी, म्हणजे त्याची कॉलेजात जाणारी मुलगी, भावजय आणि मी. आधी गीत. ते भावजय उचलायची, कारण गळा तिला आहे आणि ह्याला स्वतःला स्वयंपाकघरातल्या मिक्सरइतकाच सूर आहे. मग शास्त्रपाठ आणि त्यावर ह्याचं विवेचन. वाचन वाळवंटातलं असो, समुद्रातलं असो की तुरुंगातलं, विवेचन शेवटी एकाच मुक्कामाला यायचं, की बायकोने नवऱ्याचं ऐकावं. मग डोळे मिटून प्रार्थना. लहानाने आधी करायची, घरच्या कर्त्याने शेवटी. माझी पाळी आली की मी म्हणायचे, ‘पुढे चला.’

कर्त्याच्या प्रार्थनेला अंत नसायचा. त्यातच आमची खरडपट्टी निघायची. “हे प्रभू, ह्या घरात कुणीतरी गिझर चालू ठेवून विसरतं, त्या व्यक्तीला क्षमा कर. कुणीतरी कॉलेजातून उशिरा येतं आणि कारण विचारलं की तोंड फिरवतं, तिलाही सद्बुद्धी दे.” प्रार्थनेत मध्ये बोलायची सोय नाही आणि आमेन म्हटलं की लगेच शेवटचं गीत. म्हणजे देवाला मध्ये घालून बायकामुलांना झापायचं आणि उत्तर द्यायला जागा ठेवायची नाही. एवढा भित्रा भांडखोर मी दुसरा पाहिला नाही.

मी डोळे मिटत नसे. सारी नोकरी बोर्डावरचे दिवे बघण्यात गेली. समोर माणसं असताना डोळे मिटणं मला जमत नाही. त्यामुळे ह्या घरात जे कुणाला दिसत नव्हतं ते मला दिसत होतं.

भावजय उठून जायची. भाऊ दुकानाची बरकत, गिऱ्हाइकांची सुबुद्धी वगैरे उरकून जगातल्या सर्व राष्ट्रांवर आला, की ती अलगद उठायची, अनवाणी स्वयंपाकघरातून मागच्या पायरीवर जाऊन बसायची. काही करायची नाही. नुसती बसायची. भाऊ राष्ट्रं संपवून पुन्हा आमच्या गिझरवर यायला लागला की ती परत येऊन खुर्चीत बसायची, आमेनच्या आत. त्याची प्रार्थना तिला रोजच्या रस्त्यासारखी पाठ झाली होती, कुठे वळण येतं, कुठे चढ. एकदा तिने उठता उठता माझे उघडे डोळे पाहिले आणि जागच्या जागी थिजली. मी तेव्हा डोळे मिटून घेतले. त्या उपासनेत मी भक्तिभावाने केलेली ती एकच गोष्ट.

मग तिची आई आजारी पडली. गुरुवारी तिच्या भावाचा फोन आला, की आई आता मधूनमधूनच जागी असते आणि जागी झाली की हिचंच नाव घेते. गाव लांब. तिकडे जायला दिवसात एकच गाडी, संध्याकाळी साडेसातला आमच्या कोपऱ्यावरून सुटणारी, सकाळी पोचणारी.

भावाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. तो शांत झाला की मला धडकी भरते.

“रविवारी आपल्याकडे नमुना उपासना आहे,” तो म्हणाला. मंडळीतल्या कुटुंबांना कौटुंबिक उपासना कशी असावी हे दाखवायला पाळकांनी आमचं घर निवडलं होतं. म्हणजे ह्याने ते निवडायला लावलं होतं. “पाळकसाहेब येणार, एवढी माणसं येणार. सोमवारी आपण दोघं जाऊ.”

“अहो, मी आज निघते,” भावजय म्हणाली. “उपासना ताई बघतील ना.”

“ताई?” त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी पंक्चर झालेली ट्यूब. “आणि गीत कोण उचलणार? घरची गृहिणीच जागेवर नसेल तर लोकांना दाखवायचं काय? चांगल्या कामात अशा परीक्षा यायच्याच. आपण रोज प्रार्थनेत मागू ना आईंसाठी.”

“तुझी प्रार्थना पोचेल तिथे,” मी म्हटलं. “तिलाही पोचू दे.”

“ताई, तू ह्यात पडू नकोस. तुझा विश्वास नाही.”

“तुझ्यावर नाही, हे खरं.”

भावजय उठून आत गेली. तिला बोलायची सवयच राहिली नव्हती. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही भावाने सासूबाईंसाठी इतक्या गहिवरून प्रार्थना केली की ऐकणाऱ्याला वाटावं ह्यानेच त्यांच्या पोटी जन्म घेतलाय. शनिवारी पुन्हा फोन आला. तिचा भाऊ म्हणाला, यायचं तर आता ये. सोमवारचं काही सांगता येत नाही.

ती सोमवारी निघून मंगळवारी पोचणार होती. हे गणित घरात सगळ्यांना येत होतं. भाऊ मात्र खुर्च्या मोजत होता.

रविवारी दुपारी त्याने तालीम घेतली. प्रार्थना कशा उत्स्फूर्त वाटल्या पाहिजेत हे त्याने दोघींकडून घोकून घेतलं. मुलीने आज्ञाधारकपणा मागायचा. भावजयीने, असं प्रेमळ मस्तक, म्हणजे हा, ह्या घराला दिल्याबद्दल आभार मानायचे. “प्रेमळच्या आधी जरा थांब,” तो तिला म्हणाला. “भरून आल्यासारखं.” त्याला लाज कशी वाटली नाही हे मला अजून कळलेलं नाही.

संध्याकाळी मी पाण्याचे ग्लास घ्यायला स्वयंपाकघरात गेले, तर मागच्या दाराशी, धुण्याच्या बादलीआड, तिची छोटी बॅग होती. ती ओट्याशी पाठ करून उभी होती.

“चपलाही इकडेच आणून ठेव,” मी म्हटलं. “पुढे पाहुण्यांच्या ढिगात सापडायच्या नाहीत.”

तिने वळून पाहिलं नाही. फक्त मान हलवली.

सातला हॉल भरला. मंडळीतली माणसं नव्या कपड्यांत, गुडघ्याला गुडघा लावून बसली होती आणि दुसऱ्याचं घर बघायला मिळाल्याच्या आनंदात भिंतीवरचा रंग, पडदे, पंखा सगळं मनात टिपून घेत होती. पाळकसाहेबांना पंख्याखाली, स्वयंपाकघराच्या दाराशी बसवलं होतं. हा गोल, घामट माणूस मला कधी आवडला नाही. त्याला नाही म्हणता येत नाही आणि त्यालाच तो नम्रता समजतो, असं माझं मत.

गीत झालं. भावजयीने ते इतकं छान उचललं की दोन बायकांनी डोळे पुसले. वाचन झालं. विवेचन नेहमीच्या मुक्कामाला जाऊन पोचलं. डोळे मिटले गेले. मुलीने आज्ञाधारकपणा मागितला. भावजय आभार मानताना प्रेमळच्या आधी थांबली, जरा जास्तच थांबली आणि मग तो शब्द न घेताच पुढे गेली. मी म्हटलं, ‘पुढे चला.’

भाऊ सुरू झाला. राष्ट्रं आली. भावजय उठली.

ह्या वेळी वाटेत पाळकांचे पाय होते. ती त्यांच्यापाशी क्षणभर अडली. पाळकांनी, डोळे मिटलेलेच ठेवून, पाय खुर्चीखाली ओढून घेतले. ती गेली.

नेहमीच्या हिशोबाने अजून पुष्कळ वेळ होता. पण नमुन्याची प्रार्थना आटोपशीर असावी, असं शिबिरात कुणीतरी शिकवलं होतं. जन्मात कधी आटोपतं न घेणारा हा माणूस नेमका आज आटोपायला लागला. राष्ट्रं त्याने एका दमात संपवली आणि सासूबाईंवर आला. “हे प्रभू, माझ्या मातेसमान सासूबाई अंथरुणाला खिळल्या आहेत...” मागच्या दाराची कडी वाजली. त्याचा स्वर आणखी ओला झाला. मी घड्याळाकडे पाहिलं. गाडी यायला अवकाश होता आणि कोपरा इथून हाकेच्या अंतरावर. ह्याने आता डोळे उघडले तर हा धावत जाणार, चार माणसांदेखत तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला हसत परत आणणार, आणि उद्यापासून त्याच्या प्रार्थनेत गिझरच्या जागी तीच येणार.

“...तुझ्या नावाने मागतो,” तो म्हणाला आणि श्वास घेतला.

“हे प्रभू,” मी म्हणाले.

हॉलमध्ये चुळबुळ झाली, पण कुणी प्रार्थना करत असताना डोळे उघडायचे नाहीत, हा ह्यांचा नियम. एक्स्चेंजमध्ये मी मंत्र्यासंत्र्यांना लाइनवर धरून ठेवलं होतं. इथे तर सगळे आपणहून धरून बसले होते.

मी पंख्याबद्दल आभार मानले. पडद्यांबद्दल मानले. दुकानातल्या प्रत्येक टायरबद्दल मानले, पुढच्या आणि मागच्या. आलेल्या प्रत्येक कुटुंबाला त्यांच्या पोराबाळांसकट आशीर्वाद मागितला आणि पोरंबाळं संपली तेव्हा शेजाऱ्यांना मागितला. शेजारी संपले. गाडी आली नव्हती. माझ्याकडे दुसरं काही उरलं नव्हतं, आणि मग जे होतं ते बाहेर आलं.

“ती म्हातारी जागी असू दे,” मी म्हणाले. “थोडा वेळच असू दे. पोरगी रात्रभर बसून येईल, तिला आईने ओळखू दे. आम्ही इथे इतके जण बसलोय आणि तिला कुणी जा म्हटलं नाही. तेवढी आमची चूक पोटात घाल.” माझा आवाज चिरकला आणि मला स्वतःचाच राग आला. कोपऱ्यावर ब्रेक करकरले. दार आपटलं. गिअर पडला, आवाज लांब गेला.

“आमेन,” मी म्हणाले.

भावाच्या डोळ्यांत पाणी होतं. थोरली बहीण अखेर मार्गाला लागली, असं त्याच्या चेहऱ्यावर लिहिलं होतं. तो हसत बायकोकडे वळला. “आता शेवटचं गीत...”

खुर्ची रिकामी होती.

“ही कुठे गेली?”

“आजीकडे,” त्याची मुलगी म्हणाली. “गाडी गेली.”

“उठली कधी? तू पाहिलंस?”

“ती रोजच उठते, बाबा. रोज परत येते.”

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग माणसांकडे. समोरच्या बाई बांगड्या फिरवायला लागल्या. त्यांच्या नवऱ्याला पंख्यात काहीतरी दिसलं. चार-पाच जण तरी असे होते ज्यांना ती कधी गेली हे विचारायची गरजच नव्हती. भाऊ शेवटी पाळकांकडे वळला.

“पाळकसाहेब, मी तर डोळे मिटून होतो.”

“हो, बंधू,” पाळक म्हणाले. “तुमचे मिटलेले होते.”

गीत कुणी उचललं नाही. चहा मी केला.

सोमवारी सकाळी भावजयीचा फोन आला. आई जागी होती, तिने ओळखलं, इतका उशीर का केलास म्हणून रागावलीसुद्धा. त्याच दुपारी आई गेली. भावजय अजून तिकडेच आहे. परत कधी येणार हे तिने सांगितलेलं नाही, आणि तो विचारायला धजत नाही.

उपासना मात्र चालू आहे. सातला तो हातांच्या खुर्चीत बसतो, समोर मी आणि भाची. डोळे मिटून सुरुवात करतो, आणि दर दोन वाक्यांनी एक डोळा किलकिला करून बघतो की आम्ही आहोत ना. प्रार्थना आता अगदी छोटी असते.