डावी बाजू वर

ऑगस्टमध्ये आई गेली आणि ऑक्टोबरची जपानची दोन तिकिटं तशीच राहिली. एक आईचं, एक इलाचं.

"कॅन्सल कर, ताई," नकुल म्हणाला. आईचं ओहायोतल्या डब्लिनमधलं घर आवरायला तो क्युपर्टिनोहून पुन्हा आला होता. मसाल्यांच्या बरण्या एकेक उघडून तो वास घेत होता आणि एकही टाकायचं त्याच्या जिवावर येत होतं. "गुरुजी काय म्हणाले ऐकलंस ना? वर्षश्राद्ध होईपर्यंत मौजमजा नाही. आणि तू स्पाला चाललीस!"

"स्पा नाही. किनोसाकी."

"तेच ते. गरम पाण्यात बसायचं."

"एकादशीला पेपरोनी पिझ्झा मागवणाऱ्यानं मला शास्त्र शिकवावं ना!"

"ते वेगळं गं. धिस इज आई."

फ्रिजवर बाबांचा फोटो होता. बाबा ओहायोत एका जपानी कारखान्यात इंजिनिअर होते. कामासाठी जपानला गेले असताना तिथले सहकारी त्यांना एका रविवारी किनोसाकीला, गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावी, घेऊन गेले, तेव्हाचा तो फोटो. अंगात निळा-पांढरा युकाता, म्हणजे तिथला सुती झगा. पायात लाकडी खडावा, मागे कालव्याकाठची विलोची झाडं. आई पाहुण्यांना तो फोटो दाखवून म्हणायची, "लग्नात सोवळं नेसताना लाजत होते, आणि इथे बघा, झग्यात गावभर हिंडतायत!" तुलाही नेईन, असं बाबा आईला म्हणत राहिले. ते रिटायर झाले आणि दोन वर्षांत गेले.

मग यंदा आईनंच मनावर घेतलं. जखमी करकोचा त्या पाण्यात पाय बुडवून बरा झाला, तेव्हा लोकांना झऱ्याचा पत्ता लागला, अशी त्या गावाची गोष्ट आहे. ती आईला फार आवडली होती. "करकोच्याची तंगडी बरी झाली, मग माझ्या गुडघ्यांनी काय घोडं मारलंय?"

"बुकिंग आईनं केलंय," इला म्हणाली. "मी जाणार."

नकुलनं हिंगाची डबी बंद केली. "जा मग. मला विचारतेस कशाला!"

"विचारत नाहीये. सांगतेय."

किनोसाकी फोटोतल्यासारखंच निघालं. मधून संथ कालवा, त्यावर कमानीचे छोटे दगडी पूल, आणि संध्याकाळ झाली की सगळ्या गावात खडावांची टकटक. पाहुण्यांनी आपापल्या मुक्कामाच्या हॉटेलचा युकाता घालायचा आणि एका स्नानगृहातून दुसऱ्यात रमतगमत जायचं, ही तिथली रीत. आरक्षण दोघींचं होतं, म्हणून इलाच्या खोलीत दोन युकाते घडी करून ठेवलेले होते. तिनं एक उचलला. दुसऱ्याकडे पाहिलं नाही.

आयुष्यभर शर्ट घातला, कोट घातला, तसाच तिनं युकाताही मिटला; उजवी बाजू वर. कमरेचा पट्टा घट्ट बांधला आणि निघाली. वाटेत एकदोघांनी तिच्याकडे पाहून नजर वळवली. परकी बाई म्हणून बघत असतील, असं तिला वाटलं.

स्नानगृहासमोरच्या पुलावर एक म्हातारी थबकली. सोबतच्या मुलीचा हात घट्ट धरून भराभरा काहीतरी बोलली. मुलगी इलाच्याच वयाची असेल. ती संकोचानं पुढे आली, वाकली आणि अडखळत इंग्रजीत म्हणाली, "माफ करा. आई म्हणते, हे उलटं झालंय. उजवी बाजू वर... अशी आम्ही फक्त त्यांना घालतो, जे..." ती थांबली. "जे गेलेत."

म्हणजे अख्ख्या गावातून ती अशी चालत आली होती. नकुल म्हणाला होता. गुरुजी म्हणाले होते. समोर स्नानगृहाच्या दारातला कापडी पडदा हलत होता, आतून वाफेचा उबदार वास येत होता, आणि तिला वाटलं, इथूनच मागे फिरावं, बॅग भरावी.

तेवढ्यात तिला दहावा दिवस आठवला. क्रिया नकुल करत होता. जानवं त्यानं आयुष्यात पहिल्यांदा घातलं होतं. "अपसव्य करा," गुरुजी म्हणाले, की ते उजव्या खांद्यावर घ्यायचं, गेलेल्यांसाठी. पिंड द्यायचा, पाणी सोडायचं. मग लगेच, "सव्य करा," की परत डाव्या खांद्यावर. नकुल दर वेळी चुकत होता, कुठला खांदा ते त्याला कळेना. शेवटी मागे बसलेल्या इलानं हात पुढे करून ते जानवं स्वतः इकडून तिकडे केलं. मुलीनं हात लावायचा नसतो, असं कुणीतरी पुटपुटलं. गुरुजींनी मात्र ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि पुढचा मंत्र सुरू केला.

सगळ्या विधीत गुरुजींनी एकदाही नकुलचं जानवं उजव्या खांद्यावर तसंच राहू दिलं नव्हतं. गेलेल्याचं काम झालं की परत आणत होते, प्रत्येक वेळी.

म्हातारीनं पट्ट्याकडे बोट दाखवून भुवया उंचावल्या. सोडू का?

"मी करते," इला मराठीतच म्हणाली. म्हातारीला ते कळलं असावं, कारण तिनं मुलीला खूण केली. दोघी पाठमोऱ्या होऊन, बाह्या पसरून आडोसा धरून उभ्या राहिल्या. इलानं पट्टा सोडला. उजवी बाजू आत घेतली, डावी तिच्यावर आणली, आणि पुन्हा आवळून बांधला. म्हातारीनं वळून नीट न्याहाळलं, गळ्याशी एक चुणी ओढून सरळ केली आणि तिच्या पाठीवर चांगली सणसणीत थाप मारली.

"आता चला, म्हणतेय," मुलगी हसून म्हणाली. "पाणी थांबत नाही."

आत सगळे कपडे काढून ठेवायचे होते. ओहायोत चाळीस वर्षं राहून आईनं कधी बिनबाह्यांचा ब्लाउज घातला नव्हता. तिनं इथे काय केलं असतं, हा विचार इलानं दाराशीच सोडला. अंग धुतलं आणि पाण्यात उतरली. पाणी असं कढत होतं की पहिल्या क्षणी श्वासच अडकला. ती पायरी पायरीनं खाली गेली, गुडघे बुडेपर्यंत, मग खांदे बुडेपर्यंत. पलीकडे म्हातारी डोक्यावर टॉवेलची घडी ठेवून डोळे मिटून बसली होती आणि मुलगी तिला काहीतरी सांगत होती. इलानं त्या दोघींकडे पाहिलं. पाहवलं तिला.

बाहेर आल्यावर युकाता घालताना तिला कुणाला विचारावं लागलं नाही. पुलावर तिनं फोन काढला, विलोपाशी उभी राहून स्वतःचा एक फोटो घेतला आणि नकुलला पाठवला.

लगेच उत्तर आलं. "बाबांसारखी उभी आहेस." मग थोड्या वेळानं, "पाणी कसं आहे?"

"कढत," तिनं लिहिलं. "उद्या सकाळी पुन्हा जाणार आहे."