दिवंगत रेनाबाईंची परवानगी

रेना अल्हालेल यांच्या पत्राला हर्शल लिपमननी उत्तर दिलं नव्हतं. पत्र येऊन दोन हिवाळे उलटले होते. उत्तर द्यायचंच नाही असं त्यांनी मुळीच ठरवलेलं नव्हतं. उलट त्यांनी उत्तराचे इतके खर्डे केले होते की टेबलाचा खण आता बंद होताना कुरकुरायचा.

बाईंचं मागणं साधं होतं. फार वर्षांपूर्वी लिपमन प्रॉव्हिडन्स शहरात त्यांच्या स्वयंपाकघरात टेपरेकॉर्डर घेऊन गेले होते. बाईंची म्हातारी आई पीठ मळता मळता ग्रीसमधल्या ऱ्होड्स बेटावरची जुनी गाणी गायली होती. त्याची मूळ टेप लिपमन काम करायचे त्या संस्थेत जमा झाली आणि बाईंकडची प्रत पुढे यंत्राने गिळली. ‘आईचा आवाज आता माझ्याही कानातून निसटायला लागलाय,’ त्यांनी लिहिलं होतं. ‘एक प्रत पाठवाल का? स्वतः घेऊन आलात तर जास्त बरं. त्या दिवशी तुम्ही माझ्या चीज भरलेल्या बुरेका खात बसलात, पण बोलला नाहीत एक अक्षर. राहिलेलं बोलणं पुरं करून जा.’

प्रत द्यायची तर समितीची परवानगी लागायची. टेप देणारी व्यक्ती हयात असली की समितीला वकील आठवायचे, भाऊबंद आठवायचे, आणि विषय पुढच्या बैठकीवर जायचा. ‘नाही’ लिहायचा लिपमनना धीर नव्हता आणि ‘हो’ लिहायचा अधिकार नव्हता. बुरेकांविषयीच्या त्या शेवटच्या वाक्याला काय लिहायचं, हे तर त्यांनी चाळलेल्या कुठल्याच ग्रंथात सापडलं नाही.

विद्यापीठाच्या टेकडीवरची ही संस्था ज्यू स्त्रियांच्या अभ्यासाला वाहिलेली होती. दारावर पितळी अक्षरांत लिहिलं होतं : ‘तिला बोलू द्या’. आत सहसा संचालिका बोलायच्या, त्यांचं नाव अडेल फाइनकिंड. त्यांच्याखालोखाल डाफ्ना पर्लस्टीन ही विद्यार्थिनी बोलायची. तिचा प्रबंध गेली तीन वर्षं ‘जवळजवळ पुरा’ होता. नोआम झिस्क हा दुसरा विद्यार्थी टेपांची यांत्रिक कामं करायचा आणि बायकांच्या संस्थेत पुरुषाने तोंड उघडणं बरं दिसत नाही म्हणून गप्प बसायचा. लिपमनही गप्पच असायचे, पण त्यामागे तत्त्व वगैरे काही नव्हतं.

वसंतात प्रदर्शन भरायचं ठरलं, ‘स्वयंपाकघरातले आवाज’. सगळ्यांना अल्हालेलबाईंचीच टेप हवी होती, पण परवानगीपाशी घोडं अडलं. मग एके दिवशी डाफ्ना हातात कॉफी घेऊन नाचतच आत आली.

“सुटला प्रश्न! बाई गेल्या!”

“अरेरे,” अडेलबाई म्हणाल्या आणि खुर्ची पुढे ओढली. “नक्की?”

“विद्यापीठाच्या पहिल्या वर्षाच्या यादीत एक मुलगी आहे. रेना अल्हालेल, राहणार प्रॉव्हिडन्स. नात असणार. आता जिवंत आजीचं नाव बाळाला कोण ठेवील? यमदूत यायचा म्हातारीला न्यायला आणि पाळण्यातलंच उचलून न्यायचा! माझं नाव पणजीचं. नोआमचं?”

“आजोबांचं,” नोआम म्हणाला. “मी होण्याआधी वारले.”

“बघा! म्हणजे ही मुलगी जन्मायच्या आत आजी गेलेली. अगदी साधं तर्कशास्त्र आहे.”

लिपमननी टेबलाच्या खणाकडे पाहिलं. डाफ्नाच्या हिशेबाने अठरा वर्षांपूर्वी वारलेल्या बाईने दोन वर्षांपूर्वी लिहिलेलं पत्र त्यांच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर होतं. शिवाय अल्हालेलांसारख्या सफार्दी, म्हणजे मूळच्या स्पेनकडच्या ज्यू घरांत नातीला हयात आजीचंच नाव ठेवतात, हे त्यांनी स्वतःच्या हाताने सूचिपत्रात नोंदवलेलं होतं.

“सफार्दी लोकांत...” ते म्हणाले.

“हर्शल, तळटिपा नंतर,” अडेलबाई म्हणाल्या.

आणि लिपमनना, देवा रे, चक्क सुटल्यासारखं वाटलं. खरं सांगायचं तर पत्र दाखवावं लागलं असतं, आणि पत्र दाखवायचं तर ते खणात का पडलं हेही सांगावं लागलं असतं. कदाचित मधल्या काळात बाई खरंच गेल्या असतील, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. मेलेल्या माणसाला उत्तर द्यावं लागत नाही. त्या रात्री त्यांना चांगली झोप लागली, आणि लागली म्हणून सकाळी स्वतःचीच शिसारी आली.

“त्या मुलीला एकदा विचारून घ्यायचं का?” नोआमने भीत भीत सुचवलं.

“शी! आजी गमावलेल्या पोरीला असलं विचारायचं? काही संवेदनशीलता?” डाफ्ना म्हणाली.

तर अशी काखेत कळसा ठेवून संस्था संवेदनशीलतेने वळसे घालत राहिली. डाफ्नाने बाईंच्या निधनावर तीन तळटिपा लिहिल्या, फोन मात्र कुणीच केला नाही. इतके दिवस ज्या समितीला निर्णय सुचत नव्हता तिने तो एका दुपारीच घेतला. ठराव असा झाला : दिवंगत रेना अल्हालेल यांची टेप सर्वांना खुली, मागेल त्याला प्रत द्यावी. मृतांची हीच गोष्ट चांगली, अडेलबाई म्हणाल्या, हरकत घेत नाहीत.

भित्तिपत्रकं लागली. रेनाबाईंचा हसरा फोटो, खाली ‘त्यांची स्मृती मंगल असो’. फोटोसमोर लावायला डाफ्नाने पुण्यतिथीची, काचेच्या पेल्यातली मेणबत्तीही आणून ठेवली.

दुसऱ्याच दिवशी पायांत ओले बूट घातलेली एक मुलगी दारात उभी राहिली. एका हातात भिंतीवरून फाडून आणलेलं भित्तिपत्रक होतं.

“ही माझी नोना आहे. माझी आजी,” ती म्हणाली. “हिला मारलं कुणी?”

तिने भित्तिपत्रक अडेलबाईंच्या टेबलावर ठेवलं.

“कारण आज सकाळीच तिचा फोन होता. मी नीट जेवत नाही म्हणून अर्धा तास बोलत होती. मेलेल्या बाईचा दम एवढा टिकतो?”

“पण... तुझं नाव तेच आहे,” डाफ्ना पुटपुटली.

“असणारच! पहिल्या नातीला तिचं नाव ठेवलं नसतं तर तिने माझ्या आईशी अबोला धरला असता. आमच्यात तसंच करतात. तुम्ही ज्यू बायकांचाच अभ्यास करता ना?”

डाफ्नाने घाईघाईने अपशकुन टाळायला तीनदा थुंकल्यासारखं केलं. अडेलबाईंनी मेणबत्ती फायलीमागे सरकवली.

“राहू दे हो,” रेना म्हणाली. “नोनाने आपलं कफन कधीच शिवून कपाटात ठेवलंय. ते कापताना बायका जमवल्या, गाणी म्हटली, वर मिठाई उधळली. त्याने आयुष्य वाढतं म्हणे. तुमच्या या कागदाने आणखी वाढेल.”

“कफनावर मिठाई?” डाफ्नाचा चेहरा एकदम उजळला. “थांब, थांब. कुठली मिठाई?” आणि तिने पेन काढलं.

तेवढ्यात लिपमन उठले. खण कुरकुरला, आणि त्यांनी पत्र बाहेर काढलं.

“मला ठाऊक होतं,” ते म्हणाले. आवाज इतका बारीक की सगळ्यांना वळून बघावं लागलं. “त्या हयात आहेत... म्हणजे होत्या, हे. त्यांचं पत्र आलं होतं मला. मी उत्तर दिलं नाही.”

रेनाने पत्राकडे पाहिलं, मग खणातल्या खर्ड्यांच्या ढिगाकडे, मग त्यांच्याकडे.

“म्हणजे ते तुम्ही! दर शुक्रवारी विचारते हो ती, ‘त्या मुक्याचं पत्र आलं का?’”

लिपमनचे कान लाल झाले. “टेप... आजच पाठवतो.”

“हर्शल!” अडेलबाई सावरल्या. “बाई हयात आहेत म्हणजे ठराव रद्द. पुढच्या महिन्यात समितीपुढे—”

“ठराव रद्द कोण करणार?” लिपमननी विचारलं. आयुष्यात त्यांनी कुणाचं वाक्य तोडायची ही पहिलीच वेळ असावी. “समितीच ना? मग समिती बसेपर्यंत बाई संस्थेच्या दृष्टीने मेलेल्याच आहेत. आणि मेलेल्या आहेत तोवर मागेल त्याला प्रत द्यायची आहे. त्यांनी दोन वर्षांपूर्वीच मागितलीय.”

अडेलबाईंनी ठरावाचा कागद पुन्हा वाचायला घेतला. नोआमने प्रदर्शनासाठी गाणी सीडीवर उतरवलेलीच होती. त्याने एक सीडी गुपचूप लिपमनच्या टेबलावर सरकवली आणि पुन्हा गप्प बसला.

“तूच घेऊन जातेस का?” लिपमननी रेनाला आशेने विचारलं.

“मुळीच नाही. पळवाट काढली म्हणेल. तिला पत्र हवंय. आणि हे पाहा, जुने खर्डे पाठवू नका. ती लांबलचक पत्रं वाचत नाही.”

लिपमन उभ्याउभ्याच लिहायला लागले.

‘प्रिय रेनाबाई, फार उशीर झाला. आईचा आवाज सोबत पाठवतोय. येत्या गुरुवारी मी येतो. काय बोलायचं ते अजून ठरलेलं नाही, पण येतो. — हर्शल लिपमन.’

‘पण’पाशी त्यांचं पेन अडलं. ते वाक्य खोडावं का, असं त्यांच्या मनात आलं. खोडलं तर नवा कागद घ्यावा लागला असता, आणि नव्या कागदाचं पुढे काय होतं हे खणाला ठाऊक होतं. त्यांनी सीडी आत सरकवून पाकीट चिकटवलं.

बाहेर बर्फाचा चिखल झाला होता. रस्त्यापलीकडच्या निळ्या टपालपेटीत त्यांनी पाकीट टाकलं, झाकण सोडलं, आणि ते नीट आत पडलं की नाही हे बघायला झाकण पुन्हा उघडलं. पाकीट पडलं होतं.