जानरावाचा साचा

अकोल्याच्या जुन्या शहरात जानराव सुताराचा हात नावाजलेला होता, पण त्या वर्षी त्याच हातानं दगा दिला. हिवतापानं त्याला पार झोपवलं आणि उठल्यावर उजव्या हाताला कंप राहिला. रंधा कसाबसा चाले, भोक कोरायची पटाशी मात्र रेघेवर ठरत नसे. बाजेच्या पायातलं भोक रेघेबाहेर गेलं की आडव्या दांडीचं कुसू, म्हणजे त्या भोकात जायचं तासलेलं टोक, त्यात सैल बसे. अशी कुरकुरणारी बाज कोण घेणार?

महायुद्धामुळे लोखंडी खाटा मिळेनाशा झाल्या होत्या. ठेकेदार खुशालरावानं दवाखान्यासाठी सागवानी बाजा करायचं काम त्यालाच दिलं होतं. अंगणात बाजांच्या पायांचा ढीग पडलेला, आणि जानराव त्याच्याकडे पाठ करून बसलेला.

"दुसऱ्याले देऊन टाकू काय हे काम?" तो बायकोला म्हणाला.

मनकर्णाबाई मोर्णा नदीवरून धुणं घेऊन आली होती. "द्या. मंग तुमी काय करसान? भिताडाकडे पाहत बससान?"

त्याला राग आला, पण भांडायचंही त्राण नव्हतं. दुपारभर तो तसाच बसला. मग उठला आणि बाभळीच्या दोन फळ्या घेतल्या. दोन्हींमध्ये पटाशी जाईल एवढीच फट ठेवली आणि फटीच्या दोन्ही टोकांना ठोकळे बसवले. हात कितीही हलो, पटाशीला इकडंतिकडं जायला जागाच नको. मधेमधे भिंतीला टेकत, दम घेत त्यानं तो साचा पुरा केला.

पहिल्याच घावाला साचा बाजेच्या पायावरून घसरला. लाकूड चिरलं. जानरावानं साचा चुलीकडे भिरकावला.

मनकर्णाबाईनं तो उचलला, उलटापालटा करून पाहिला. "पटाशीच्या बाजू तं धरल्या तुमी. पन पायाले कोन धरून राहिलं?"

जानरावानं साचा परत घेतला. मग त्यानं साच्याखाली आणखी एक फळी जोडली आणि बाजेचा पाय तिच्यात पाचर मारून आवळला. आता साचा हलेना. भोक सरळ उतरलं, कडा साफ. पण दोन-तीन भोकांतच खांदा भरून आला आणि हातोडा गळून पडला.

"सरका," ती म्हणाली.

"लोक काय म्हनतीन? सुताराची बायको पटाशी मारून राहिली!"

"म्हनू द्या. लोक येतात काय बाजा करून द्याले?"

तिनं पदर खोचला. तो पाचर आवळून द्यायचा, ती घाव घालायची. तिचे घाव सावकाश पण सारखे पडत. कुसू भोकात गच्च बसलं, तेव्हा आपल्याला आनंद का होत नाही ते जानरावाला कळेना. आयुष्यभर जे हातानं कमावलं, ते बाभळीच्या तुकड्यांत मावलं होतं. तरी छातीवरचं ओझं उतरल्यासारखंही वाटत होतं.

खुशालराव आला तेव्हा ती घाव घालतच होती. त्यानं तयार झालेली पहिली बाज धरून गदागदा हलवली. "हे भोकं कोनं मारले?"

'म्या' असं जानरावाच्या ओठांवर आलं होतं.

"हिनं," तो म्हणाला. "साचा माहा हाय."

खुशालरावानं क्षणभर तिच्याकडे पाहिलं. "बरं हाय. बाकीच्या लवकर होऊ द्या." एवढं म्हणून तो गेला.

जानराव त्याच बाजेच्या अजून न विणलेल्या दांड्यांवर फळी टाकून आडवा झाला. मनकर्णाबाईनं ढिगातला पुढचा पाय ओढला. हातोड्याचा ठक्‌ ठक्‌ आवाज चालू असतानाच त्याचा डोळा लागला.