संध्याकाळचं रक्त

"मॅडम, हा चारशे सात नंबर जरा बघता का? मला हा सकाळचा नमुना वाटतच नाही."

चिमणी हे बोलली आणि मी हातातली नळी खाली ठेवली.

चिमणी म्हणजे आमच्या प्रयोगशाळेतली नवी संशोधक डॉक्टर. चालते टुणटुणत, बोलते त्याहून टुणटुणत, म्हणून मी पहिल्याच आठवड्यात तिची चिमणी करून टाकली. पोरगी हुशार आहे. नको तितकी हुशार.

"सकाळचाच असणार," मी म्हणाले. "आपल्याकडे रक्त नऊलाच घेतात. दुसरी वेळच नाही."

हे मी म्हणाले. मी! या वाक्यासाठी तर मी प्रसिद्ध आहे. खाली रुग्णांचं रक्त काढणारा पोरगा माझी नक्कल करून दाखवतो. कमरेवर हात, मान ताठ, 'नऊ म्हणजे नऊ! उशीर झाला तर उद्या!' आणि सगळे खो खो हसतात. हसू देत. नियम काही उगाच केलेला नाही. एचआयव्ही शरीरातल्या ज्या राखणदार पेशींचा फडशा पाडतो, त्या सीडी-फोर पेशी मोजणं हे माझं काम. रक्तात रंग मिसळायचे आणि ते मशीनला पाजायचं. मशीन एकेका पेशीला उजेडासमोरून सोडतं आणि पडद्यावर एकेक ठिपका उमटतो. ठिपक्यांच्या गर्दीभोवती रेघ मारायची आणि आत किती आले ते बघायचं. पण या पेशींना रोज भरती-ओहोटी असते. सकाळी रक्तात कमी, संध्याकाळी जास्त. माणूस तोच, आजार तोच, आकडा मात्र पन्नास-साठने फुगलेला. म्हणून सगळ्यांचं रक्त सकाळी. मला झोपेतून उठवून विचारलं तरी मी हे घडाघडा सांगेन.

आणि चारशे सात नंबरचं रक्त मी स्वतः, माझ्या हाताने, संध्याकाळी सहा वाजता काढलं होतं. तो नंबर माझ्या धाकट्या भावाचा.

त्याला जाऊन बारा वर्षं झाली. पण त्या वेळच्या सगळ्या रुग्णांच्या पेशी आम्ही गोठवून ठेवल्या होत्या, त्यात त्याच्याही होत्या. आता नवीन मशीन आलंय. ते पेशी नुसती मोजत नाही, तिची सगळी चौकशी करतं. कोणती अजून कोरी आहे, कोणती लढून आलीय, कोणती थकून बसलीय. औषध मिळायच्या आधी कोणाच्या पेशी कशा होत्या आणि पुढे त्या माणसाचं काय झालं, याचा मेळ चिमणी घालत होती.

"याच्या कोऱ्या पेशी बघा ना," ती पडद्यावर बोट ठेवून म्हणाली. "इतरांपेक्षा कितीतरी जास्त. संध्याकाळच्या रक्तात असतात तशा. आकडा तीनशे अडुसष्ट, म्हणजे तसा बरा, तरी पाच महिन्यांत गेला. मला वाटलं, काहीतरी नवीनच सापडलं! मग मी गोठवण्याची वही काढली. त्यात वेळ सात चाळीस, संध्याकाळी. अक्षर तुमचं. आणि रक्ताच्या रजिस्टरमध्ये सकाळचे नऊ दहा. तेही अक्षर तुमचंच."

चोरी करायलाही अक्कल लागते म्हणतात, ते काही खोटं नाही. एका ठिकाणी खोटं लिहिलं आणि दुसऱ्या ठिकाणी सवयीने खरं लिहून मोकळी झाले.

चिमणीनेच मला वाट काढून दिली. "सकाळी घेतलेलं रक्त संध्याकाळपर्यंत तसंच पडून राहिलं असेल, हो ना? गडबडीच्या दिवशी होतं असं. मी आपला 'उशीर झाला' असा शेरा मारते. चालेल ना?"

न मागता मिळालेली सुटका. तीन आठवड्यांवर निवृत्ती. मान हलवली की झालं, अळीमिळी गुपचिळी. बारा वर्षं दुसरं काय केलं होतं मी?

भाऊ लिफ्ट दुरुस्त करायचा. "ताई, मी माणसांना वर पाठवतो आणि परत खालीही आणतो. तुझ्या डॉक्टरांना विचार, जमतं का," हा त्याचा ठरलेला विनोद. दरवेळी तोच, आणि दरवेळी स्वतःच हसायचा. आजार त्याला कुठून लागला ते मी विचारलं नाही. त्याने आधी बायकोला सांगितलं, मग मला. भावजयीची तपासणी झाली तर तिलाही निघाला, पण तिचा आकडा चांगला होता. त्या काळी औषध सरसकट देत नसत. आकडा साडेतीनशेच्या खाली गेला तरच. वर असला तर सहा महिन्यांनी परत या. आता नियम बदललाय, आजार कळला की त्याच आठवड्यात गोळी सुरू. आता!

तर भावाची तारीख ठरली, सकाळी नऊची. तो तयार होता. "येतो की, रांगेत उभा राहतो. मला कसली लाज?"

लाज मला होती. नऊ वाजता आमची अख्खी प्रयोगशाळा हजर असते आणि आम्हा दोघांचं नाक-तोंड एका साच्यातलं. 'अय्या, हा तुमचा भाऊ का?' असं कोणीतरी विचारलंच असतं. त्या वर्षी मला मुख्य तंत्रज्ञ व्हायचं होतं. मी त्याला म्हटलं, "वेड्या, सकाळी नको. संध्याकाळी ये, सगळे गेल्यावर. आणि कुठे बोलू नकोस, बायकोकडेही नाही. कळलं तर माझी नोकरी जाईल."

"बरं बाई," तो म्हणाला. लहानपणापासून माझं सगळं ऐकायची खोड त्याला.

आकडा आला तीनशे अडुसष्ट. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला! संध्याकाळचा आकडा फुगतो हे जगाला ओरडून सांगणाऱ्या बाईला आनंद झाला. मी रेघ पुन्हा मारली, पुन्हा मोजलं, पुन्हा तेच आलं. अठराने का होईना, वर आहे ना, म्हणून स्वतःची समजूत घातली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांपुढे कागद मीच ठेवला. 'औषध नको, सहा महिन्यांनी तपासणी' असं त्यांनी लिहिलं आणि मी त्याला फोन केला, "पास झालास रे!"

"आयुष्यात पहिल्यांदा," तो म्हणाला.

सकाळी आला असता तर किती भरला असता? तीनशे दहा? तीनशे वीस? कदाचित तीनशे साठही भरला असता आणि मग माझी काही चूकच उरली नसती. ते आता कोणीच सांगू शकत नाही. मी मात्र रोज वेगवेगळा आकडा धरून बघते.

तिसऱ्या महिन्यात ताप धरला. छातीत क्षय निघाला, मग तो डोक्यात चढला, आणि पाचव्या महिन्यात सगळं संपलं. वॉर्डातले डॉक्टर भावजयीला म्हणाले, "औषध आधीच सुरू व्हायला हवं होतं हो." तिने त्याचा सरळ अर्थ लावला. तारखेच्या दिवशी सकाळी साडेनऊला तिने त्याच्या कामावर फोन केला होता, तर साहेब लिफ्टच्या खड्ड्यात उतरलेले! रात्री तिने त्याला फैलावर घेतलं. तो एवढंच म्हणाला, "राहून गेलं गं." पुढेही तिने विचारलं की हेच. माझं नाव त्याने घेतलं नाही. मीही घेतलं नाही.

भावजयीला गोळ्या पुढे नियम बदलल्यावर सुरू झाल्या. तिचा आकडा आता सातशेच्या वर असतो. दर सहा महिन्यांनी नऊच्या ठोक्याला येते, ती वेळ कधी चुकवत नाही. आणि मुलगी चार वर्षांची होती तेव्हापासून तिला एकच धडा. डबा विसरली, वही राहिली, अर्ज उशिरा भरला की भावजय म्हणणार, "बापावर गेलीस. त्यांच्या निष्काळजीपणाने घर बसलं, आता तू पण तशीच हो." मुलगी सोळा वर्षांची झाली. आता ती बापाचा विषय निघाला की उठून आत जाते. आणि हे सगळं मी दर रविवारी त्यांच्याकडे बसून, चहा पीत ऐकत आले आहे. माझ्या निर्लज्जपणाला तोड नाही.

"उशीर नाही झाला," मी चिमणीला म्हणाले. "रक्तच संध्याकाळी काढलं. सहा वाजता. मी काढलं आणि रजिस्टरमध्ये खोटी वेळ लिहिली."

ती माझ्याकडे बघतच राहिली. पहिल्यांदाच टुणटुण थांबलेली पाहिली मी तिची. मग हळूच म्हणाली, "कोण होते हे तुमचे?"

"भाऊ."

तिने खुर्ची पुढे केली. मी बसले नाही. बसले असते तर उठता आलं नसतं.

"मला हे वर कळवावं लागेल, मॅडम."

"कळव की. कळवायलाच हवं."

"आणि हा नमुना अभ्यासातून काढावा लागेल."

तिने यादीतली एक खूण पुसली. चारशे बाराचे चारशे अकरा झाले. सगळे आलेख एकदा थरथरले आणि पुन्हा होते तसेच उभे राहिले. "हे बघा," ती मला धीर द्यायला म्हणाली, "एकाने काही फरक पडत नाही. सरासरीला धक्कासुद्धा लागला नाही."

बिचारी चांगल्या मनाने बोलली, पण मला तिचा राग आला. मी अॅप्रन काढून खुंटीला लावला आणि रविवार नसताना भावजयीच्या घरी गेले.

ती दिवाणावर वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. मला बघून घाबरलीच. "अगंबाई, ताई! आज कशा? माझ्या रिपोर्टमध्ये काही आलं का?"

"तुझा रिपोर्ट ठणठणीत आहे. अगं, ऐक. त्याने तपासणी चुकवली नव्हती."

"कोणी?"

"कोणी काय विचारतेस!"

मी उभ्यानेच सगळं सांगितलं. नऊची तारीख, माझी लाज, संध्याकाळचं रक्त, फुगलेला आकडा, खोटी वेळ, आणि त्याला घातलेली तोंडबंदी. एक शब्द गाळला नाही. मध्ये मला रडू यायला लागलं तर मी स्वतःवरच चिडले. माझं रडं बघायला ती रिकामी नव्हती.

भावजयीच्या हातात मुलीचा शाळेचा सदरा होता. तिने त्याची बाही सरळ केली, पुन्हा दुमडली, पुन्हा सरळ केली.

"शेवटच्या आठवड्यातसुद्धा मी त्यांना बोलले हो, ताई," ती म्हणाली. "नाकात नळी होती. म्हटलं, एक सकाळ, फक्त एक सकाळ निघाली नाही का हो तुमच्याच्याने?"

"मग? तो काय म्हणाला?"

"हसले."

वरच्या मजल्यावर कोणीतरी टेबल सरकवत होतं.

"बारा वर्षं तुम्ही इथे येऊन चहा प्यायलात," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

"हो."

"मी तुम्हाला दोन-दोनदा आग्रह करायचे."

मी माफी मागायला तोंड उघडलं, तर तिने हात वर करून मला थांबवलं. मग आतल्या खोलीकडे वळून तिने मुलीला हाक मारली. मुलगी कानातली वायर काढत बाहेर आली. आधी आईकडे बघितलं, मग माझ्याकडे. चेहरा अगदी भावाचा. म्हणजे माझाच.

"इकडे बस," भावजय तिला म्हणाली. "तुझ्या बाबांबद्दल मी तुला सारखं सांगत आले ना, की निष्काळजी होते, तपासणीला गेलेच नाहीत? ते चूक होतं. ते गेले होते."

मुलगी बसली नाही. "कधी गेले होते?"

"आत्याला विचार."

ती माझ्याकडे वळली. मला तिच्याकडे बघवेना, पण मी बघितलं.

"संध्याकाळी सहाला," मी म्हणाले. "मी त्याला सांगितलं होतं त्या वेळेला."

"उशीर केला होता का त्यांनी?"

"नाही गं, बाळा," मी म्हणाले. "पाच मिनिटं आधीच येऊन जिन्यात उभा होता."