कामगंधाची खुर्ची

मे महिन्याच्या दुपारी, लग्न नसतानाही, लातूरच्या त्या मंगल कार्यालयात पाय ठेवायला जागा नव्हती. स्टेजवर पाच खुर्च्या होत्या. अत्तर विकायला आलेल्या प्रोफेसर आलोक यांनी मधल्या खुर्चीवर बाटलीतला एक थेंब सोडला आणि बाहेर थांबवलेल्या बायकांना एकेक करून आत बोलावलं. जी आली ती मधल्याच खुर्चीवर बसली.

"कापसात कामगंध सापळे लावता ना?" प्रोफेसर म्हणाले. "मादीच्या वासानं नर पतंग येतो. किड्याला कळतं, अन् माणसाला न्हाई? बाटलीत मानवी कामगंध हाय. रुसलेली बायको माहेराहून चालत येते."

वीरेश बाटली घ्यायला उठला. त्याची बायको अक्षरा होळीपासून जळकोटला माहेरी होती. त्याचे वडील संगप्पा, विज्ञानाचे निवृत्त मास्तर, यांनी त्याचा सदरा धरला.

"अप्पा, समोर दिसून राहिलंय की."

"मलाबी दिसून राहिलंय. वर बघ."

"वर काय हाय?"

"पंखा."

संगप्पा स्टेजवर गेले. "पतंगाचं खरं हाय, साहेब. फक्त ही खुर्ची भिंतीकडं न्या, अन् बिनवासाची इथं ठेवा."

"त्यानं गंधाची दिशा बिघडते," प्रोफेसर म्हणाले. तोवर पुढच्या रांगेतल्या दोघांनी खुर्च्या बदलल्यासुद्धा.

बाहेर थांबलेल्यांपैकी धुरपताबाई उन्हातून आल्या आणि थेट पंख्याखालच्या बिनवासाच्या खुर्चीवर बसल्या.

"मावशी, इथंच का बसलात?" संगप्पांनी विचारलं.

"वारं इथं हाय. तिकडं बसून शिजू का?"

पुढच्या दोघीही तिथंच बसल्या.

"म्हणजे माणसात कामगंध नसतोच का, सर?" कुणीतरी संगप्पांना विचारलं.

"ठाऊक न्हाई. शास्त्रज्ञ शोधून राहिलेत, भांडूनबी राहिलेत. अजून कुणाला पक्का सापडला न्हाई. ज्याला सापडंल तो आधी पंखा बंद करंल."

घरी जाताना वीरेश म्हणाला, "मग तुम्ही आईचं पातळ का हुंगता?"

त्याची आई गुरम्मा किल्लारीच्या भूकंपात भिंतीखाली गेली. पातळ अंगणात वाळत होतं, ते राहिलं.

"त्याला आता ट्रंकेचाच वास येतो," संगप्पा म्हणाले. "ते तिचं हे मला ठाऊक हाय, म्हणून जीव ओढतो. शेजाऱ्याला दिलं तर तो फरशी पुसंल." थोडं चालून त्यांनी विचारलं, "अक्षरा का गेली?"

"क्लाससाठी गावात राहणाऱ्या पोरांचे डबे करायची. दिवसभर गॅसपुढं. हाताखाली बाई ठेवा म्हणाली, मी हसलो."

"किड्याला बोलता येत न्हाई, म्हणून वास सोडतो. तुला तोंड हाय. आधी बाई ठेव. मग जळकोटची गाडी धर, अन् येतीस का म्हणून विचार तिला."