मोअल्लिम बयूमी आणि सुपुत्र

संसदीय लोकशाहीचा उगम कुठे झाला याबद्दल विद्वानांत मतभेद असतील. पण तिची खरी कसोटी अलेक्झांड्रियातल्या कोम अल-मिल्ह मतदारसंघात लागली, याबद्दल आमच्या मनात तिळमात्र शंका नाही. कसोटीचा निकाल तेवढा नीट कळला नाही. मतपेट्या त्या वर्षी ट्राममध्ये राहिल्या.

पेट्या पुढे डेपोत सापडल्या. एकीवर तिकीट तपासनीस बसून जेवत होता. मतमोजणी झाली, जुनाच माणूस निवडून आला, आणि तपासनिसाला बढती मिळाली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे असं म्हणणारे म्हणतात. आमच्याकडे कशाचाही कशाशीही संबंध लावतात. त्याशिवाय चहा घशाखाली उतरत नाही.

राजाच्या काळात इथून एक पाशा निवडून यायचा. त्यानं ही वस्ती कधी पाहिली नव्हती. प्रचाराला तो बग्गीतून आपली तसबीर पाठवायचा. लोक तसबिरीला टाळ्या वाजवायचे. तसबिरीनं एकदाही खोटं आश्वासन दिलं नाही, असं म्हातारे अजून सांगतात. मग राजा गेला, आणि निम्मे सदस्य कामगार किंवा शेतकरी असलेच पाहिजेत असा कायदा आला. कोम अल-मिल्हच्या वाट्याला शेतकऱ्याची जागा आली. इथे हिरवं म्हणून जे काही उगवतं ते कॉफीखान्याच्या मालकाच्या, मोअल्लिम बयूमीच्या, चहातल्या पुदिन्याइतकंच. तरी शेतकरी सापडले. पहिला शेतकरी खलील बे. त्याची दोन सिनेमागृहं होती. त्याला पाडून आला हज्ज मितवल्ली, फरश्यांचा व्यापारी. जमिनीशी त्याचा आयुष्यातला एकमेव व्यवहार म्हणजे ती झाकणं.

यातल्या प्रत्येक शेतकऱ्यानं रेल्वे फाटकावर पूल बांधून द्यायचं वचन दिलं. पूल नाही, कोनशिला मात्र तीन आहेत. फूलची, म्हणजे शिजवलेल्या बाकल्याच्या उसळीची, गाडी लावणारा एकीवर स्वतः बसतो, दुसरीवर कांदे चिरतो, तिसरी गिऱ्हाइकांसाठी ठेवतो.

निवडणुकीतून वस्तीच्या हाती खरोखर काही लागत असेल तर ते कापड. गल्लीत आडवा बांधलेला प्रचाराचा फलक चांगल्या मांजरपाटाचा असतो, आणि मतदान संपेपर्यंत तो ज्या घराच्या सज्जाला बांधलेला राहील, त्या घराचं ते कापड. हे कुठल्या कायद्यात नाही. म्हणूनच सगळे कसोशीनं पाळतात.

तर ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी मोअल्लिम बयूमीनं सकाळी कॉफीखान्याचं दार उघडलं आणि वर पाहिलं. त्याच्याच सज्जापासून समोरच्या खांबापर्यंत लांबलचक फलक फडफडत होता. लाल अक्षरांत लिहिलं होतं: “मोअल्लिम बयूमी आणि सुपुत्र यांचा शेतकऱ्यांचे कैवारी डॉक्टर वजीह यांना जाहीर पाठिंबा. चिन्ह शिडी.”

डॉक्टर वजीह हे दातांचे डॉक्टर. शेतकऱ्याच्या जागेवर ते हज्ज मितवल्लीच्या विरुद्ध उभे होते. आणि हज्ज मितवल्लीच्या मुलाशी, सामेहशी, बयूमीच्या एकुलत्या एक मुलीचं, इब्तिहालचं लग्न ठरलं होतं. बुधवारी मतदान, शुक्रवारी नवरीच्या गाद्या करायला पिंजारी दारात येणार, पुढच्या गुरुवारी निकाह. मुलीच्या हातात सामेहच्या घरचं सोनं होतं, आणि बापाच्या सज्जावर सामेहच्या बापाचा वैरी.

“मोअल्लिम, अभिनंदन!” पहिलं गिऱ्हाईक, न्हावी शौकी, आत येता येता म्हणाला. “सुपुत्र कधी झाले?”

बयूमीला मुलगा नव्हता. इब्तिहालनंतर मूलच नव्हतं.

“छापील भाषा आहे रे ती. सगळ्यांच्या फलकावर असंच असतं.”

“हाताने लिहिलाय, छापलेला नाही,” शौकी डोळे बारीक करून म्हणाला. “हाताने लिहिणारा विचार करून लिहितो. मी कुणाला सांगणार नाही. कुठल्या वस्तीत ठेवलंय तिला?”

दुपारपर्यंत बयूमीची दुसरी बायको कोम अल-मिल्हमध्ये सर्वांना माहीत झाली. ती तांता शहराची आहे, गोरी आहे, आणि तिला दोन जुळे मुलगे आहेत इथवर तपशील आला. पाचव्या माणसानं जुळ्यांची ख्यालीखुशाली विचारली तेव्हा बयूमीला स्वतःचाच संशय यायला लागला.

त्याहून मोठा संशय दुसरा होता: हे बांधलं कुणी? त्यानं एकेका गिऱ्हाइकाकडे पाहायला सुरुवात केली. रोज दोन चमचे साखर घेणाऱ्या निवृत्त टपालमास्तरनं आज एकच मागितली, का? पलीकडच्या कॉफीखान्याचा मालक गेल्या चार वर्षांत न आलेला आज आला, चहा प्यायला आणि “छान आहे” म्हणून गेला. चहा की फलक? शौकी तर सारखा वर बघून हसत होता. पण शौकी मयतालाही हसायचा, त्यामुळे त्याचा काही अंदाज लागेना.

फलक उतरवायचा म्हटलं तर तेही सोपं नव्हतं. उद्या डॉक्टर निवडून आला तर? दुसऱ्याचा फलक उतरवणारा आमच्याकडे दुश्मन ठरतो, आणि दातांच्या डॉक्टरशी दुश्मनी करून या वयात कुठे जाणार? तरी बयूमी शिडी आणायला उठला. तेवढ्यात सज्जातून सित्त रावयाचा, म्हणजे त्याच्या बायकोचा आवाज आला.

“हात लावायचा नाही हं त्याला.”

“अगं, हज्जनं पाहिलं तर?”

“पाहू दे. बुधवारपर्यंत राहू दे.” असं म्हणून तिनं फलकाची कड चिमटीत धरून चोळली आणि बोटांकडे बघून मान डोलावली.

बयूमी खालून बघत राहिला. तांत्यातल्या जुळ्यांची बातमी हिच्या कानावर नक्की गेली होती. पंचवीस वर्षांत त्यानं चुकून शेजारणीच्या मांजराला हाक मारली तरी तीन दिवस बोलणं बंद व्हायचं. आणि आज ही शांत! बायको शांत आहे म्हणजे तिला काहीतरी माहीत आहे, आणि तिला जे माहीत आहे ते आपल्याला माहीत नाही, हे एवढं त्याला कळलं.

तो तडक उस्ता नख्लाकडे गेला. वस्तीतले सगळे फलक हाच रंगारी लिहायचा. दोन्ही पक्षांचे, बारशाचे, मयताचेही.

“उस्ता, खरं सांग. कुणी सांगितलं माझं नाव लिहायला?”

“मी अक्षरं लिहितो, मोअल्लिम, नावं वाचत नाही,” नख्ला ब्रश पुसत म्हणाला. “वाचायला लागलो तर उपाशी मरेन.”

“नख्ला!”

“डॉक्टरचा माणूस आला होता. मी म्हटलं, बाबा, बयूमी तर हज्जचा व्याही. तो म्हणाला, तू लिही, त्यांच्या घरातून होकार आहे.”

“घरातून?”

“घरातून. वर असंही म्हणाला, घरातून निरोप आहे की फलक जरा लांब हवा.”

बयूमी परत आला तो घरातल्यांची मनातल्या मनात झडती घेत. मेहुणा? तो डॉक्टरकडे दाढ काढायला गेला होता खरा. दाढेच्या दुखण्यात माणूस काहीही कबूल करतो. इब्तिहाल? तिला सामेह नकोय की काय?  मुलीला जवळ बोलावून तो म्हणाला, “बाळ, तुला सामेह पसंत आहे ना?”

“बाबा, तुम्हीच ना त्याला पसंत केलात?”

“म्हणजे तुला नाही?”

“आहे हो! आज सगळे असे का बघताहेत माझ्याकडे? जुळे भाऊ कसे आहेत म्हणून शौकीकाका विचारत होते.”

सोमवारी दुपारी हज्ज मितवल्ली स्वतः आला. आमच्याकडे सदस्य गल्लीत फक्त निवडणुकीत पायी येतो, त्यामुळे सगळी गल्ली त्याच्या मागून आली. कॉफीखान्यात फासे थांबले. हज्जनं खुर्ची घेतली नाही. चहा आला, तो घेतला नाही. व्याह्याच्या दारात चहा नाकारणं म्हणजे काय ते सगळ्यांना कळलं. टपालमास्तरनं घाबरून स्वतःच्या कपात नेहमीच्या दोन चमच्यांवर आणखी दोन चमचे साखर घातली.

“बयूमी,” हज्ज म्हणाला, “पंधरा वर्षं तुझ्या या बाकड्यावर बसून मी निवडणुका लढवल्या. तू मला भाऊ म्हणत होतास.”

“अजूनही म्हणतो, हज्ज.”

“वर काय म्हटलंयस ते वाचलं मी.” त्यानं बोटानं फलक दाखवला. “किती दिवस चाललंय हे? साखरपुड्याच्या आधीपासून की नंतर? आणि ते सुपुत्र कोण? माझ्या सुनेला भाऊ आहेत हे मला आधी का नाही सांगितलं?”

“हज्ज, मुलीची शपथ, मला काही माहीत नाही!”

“तुझ्या सज्जाला बांधलेलं तुला माहीत नाही? मग सज्जाच्या आत काय काय आहे ते तरी तुला माहीत आहे का?” हज्जचा आवाज चढला. “मुलीच्या हातातलं सोनं काढून आण. माझा सामेह शिडीखालून जाणार नाही.”

इब्तिहाल वरच्या खिडकीत होती. ती आत गेली, ते सगळ्यांना दिसलं. बयूमी उभ्या उभ्या वाळल्यासारखा झाला. सोनं आणायला त्यानं पाऊल उचललं, तोच जिन्यावरून सित्त रावया खाली आली. तिच्या काखेत एक उशी होती.

“हज्ज, बसा,” ती म्हणाली. “बसल्याशिवाय मी बोलणार नाही.”

हज्ज बसला. निवडणुकीच्या दिवसांत बाईमाणसाचं ऐकावं लागतं.

तिनं उशीचा अभ्रा उलटा केला. आतल्या बाजूला फिकट हिरवी अक्षरं होती: “हज्ज मितव.”

“आणि ‘ल्ली’ दुसऱ्या उशीवर आहे,” ती म्हणाली. “तुमच्या पहिल्या निवडणुकीचं कापड. दुसऱ्या निवडणुकीची आमची रजई. चांगलं कापड होतं, देव तुमचं भलं करो. या खेपेला मुलीच्या गाद्या करायच्या, नवरीकडून गाद्या जातात हे तुम्हाला ठाऊक. मी तुमच्याकडे निरोप पाठवला, हज्ज, दोन फलक आमच्याकडे बांधा. तुम्ही काय म्हणालात?”

हज्ज उशीवरची अक्षरं वाचत राहिला.

“म्हणालात, घरचाच माणूस, घरच्या माणसाच्या सज्जाला फलक कशाला? वर या वर्षी तुम्ही सगळे कागद चिकटवलेत. कागदाची गादी होत नाही. शुक्रवारी पिंजारी भर गल्लीत बसणार, अख्खी वस्ती बघणार, काय कागद पिंजून दाखवू? डॉक्टरचा माणूस आला, मी म्हटलं बांध. लांब बांध म्हटलं.”

“तू!” बयूमी म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर राग यायला हवा होता. पण मुलीला सामेह पसंत आहे या समाधानानं तिथे आधीच जागा अडवली होती. “आणि ते सुपुत्र?”

“ते त्यांच्याकडचे. मी मागितले नव्हते.”

गर्दीत शौकीची निराशा स्पष्ट ऐकू आली.

“म्हणजे,” हज्ज सावकाश म्हणाला, “माझा मुलगा लग्नाच्या दिवसापासून वजीहच्या नावावर झोपणार?”

“अक्षरं आतल्या बाजूला घेईन ना.”

“आत म्हणजे कापसाशी! म्हणजे कायमची!”

“हज्ज, तुम्ही स्वतः कशावर झोपता?” सित्त रावया म्हणाली. “तुमच्या सासूबाई नि माझी आई एका गल्लीतल्या. तुमच्या लग्नाच्या गाद्या करताना मी लहान होते, कापूस धरायला बसले होते. खलील बेचं कापड होतं ते. निळी अक्षरं. वाटलं तर घरी जाऊन उसवून बघा.”

ज्या खलील बेला पाडून हज्ज मितवल्ली सदस्य झाला, त्याच्यावर तो इतकी वर्षं झोपत होता. कॉफीखान्यात कुणीही हसलं नाही. हसू आवरण्यासाठी टपालमास्तरनं कप तोंडाला लावला, आणि चार चमचे साखर लागल्यानं त्याचे डोळे पाणावले.

हज्जनं हळूच कमरेवर हात ठेवला.

“तरीच,” तो म्हणाला. “तरीच माझी पाठ! किती डॉक्टर केले... आणि तिला माहीत होतं. इतकी वर्षं बायकोला माहीत होतं.” त्याची नजर एकदम संशयानं बारीक झाली आणि घराच्या दिशेनं वळली. त्या घरात त्या संध्याकाळी काय झालं ते आम्हाला माहीत नाही. गादी मात्र दुसऱ्या दिवशी गच्चीवर उसवलेली दिसली.

पण ते पुढचं. त्या दुपारी हज्ज उठला, थंड झालेला चहा उचलून एका घोटात प्यायला, आणि सगळ्या गल्लीनं श्वास सोडला. मग तो सदस्याच्या आवाजात कडाडला:

“नख्ला! कुठाय नख्ला? फलक लिही! या सज्जापासून ट्रामच्या खांबापर्यंत! कोम अल-मिल्हनं पाहिला नसेल असा! वजीहच्या फलकाच्या वर बांधायचा, दुप्पट रुंद! माझं नाव, माझ्या बापाचं नाव, पुलाचं वचन, सगळं, या भिंतीएवढ्या अक्षरांत! माझा मुलगा आपल्या बापाच्या नावावर झोपेल!”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. शौकीनं घोषणा दिली. खिडकीत इब्तिहाल परत आली. सोनं तिच्या हातात तसंच होतं. बयूमीनं डोळे पुसले आणि सगळ्यांना चहा सांगितला.

सित्त रावया उशीला अभ्रा चढवत होती. टाळ्या थांबेपर्यंत ती थांबली.

“हज्ज, तेवढं एक करा,” ती म्हणाली. “लिहायच्या आधी कापड एकदा भिजवून घ्यायला सांगा. मागच्या खेपेचं आटलं होतं.”