कारखान्याच्या वरचं पाणी

चिमट्याने तिने तिसरा पट्टा हंड्यातून वर काढला आणि पाणी निथळायच्या आतच परत बुडवला.

"बघू दे की," दारातून दादा म्हणाला.

"अजून लागायचाय रंग."

रंग केव्हाच लागला होता. दोरीवर पहिले दोन पट्टे वाळत होते. तिन्ही एकाच ताग्यातले, डाळिंबाच्या सालींबरोबर सारखाच वेळ उकळलेले. पाणी तेवढं वेगळं. ओढा उगम पावतो त्या झऱ्याच्या पाण्यातला पिवळाधमक निघाला होता, कारखान्याखालच्या ओढ्यातला राखाडी-काळा. या दोन पट्ट्यांवरच तिचं प्रदर्शन उभं होतं. परवा उद्घाटन. पत्रिकेवर कारखान्याचं धुराडं छापलेलं.

दादा त्याच कारखान्यात बावीस वर्षं सांडपाण्याच्या टाक्या सांभाळत होता. पत्रिका पाहिल्यापासून तो बहिणीकडे फिरकला नव्हता. आज आला तो हातात कॅन घेऊन. पाणी ओढ्याचंच, पण कारखान्याच्या वरच्या अंगाचं.

"हे एकदा उकळून बघ. पिवळा निघाला, तर रिबीन धरायला मी येतो," असं आल्या आल्या म्हणाला होता. तेच पाणी आता हंड्यात होतं.

तिने पट्टा पुन्हा उचलला. या वेळी धरून ठेवला. तो दुसऱ्यापेक्षाही काळा होता.

"तुमची टाकी गळत असेल," ती घाईने म्हणाली.

"म्हणून ओढा उलटा वाहील का गं?"

चिमटा या हातातून त्या हातात गेला. झरा आणि कारखाना यांच्यामध्ये एकच गोष्ट होती: तिची ही शेड. पिवळ्याचा काळा करायला ती गंजाचं पाणी वापरायची. वाटीभर पुरे, असं शिकायला येणाऱ्या मुलींना तीच सांगायची. उरलेलं बारा वर्षं मागच्या मोरीतून ओढ्यात जात होतं.

"आपलं ठेवावं झाकून..." दादाने सुरुवात केली, तिचा चेहरा पाहून म्हण तिथेच सोडली. "आम्हीही काही धुतल्या तांदळासारखे नाही. पण एवढं काळं आमचं नव्हे."

फोन वाजला. प्रदर्शनाच्या बाई होत्या.

"काळा पट्टा अगदी दारात लावतेय हं! काय अंगावर येतो!"

"पट्टे तीन आहेत," ती म्हणाली.

"तिसरा कुठला?"

"माझ्या मोरीखालचा. आणि ती पत्रिका दारावर लावू नका."

पलीकडून काहीतरी विचारणं चालू होतं. तिने फोन ठेवला. हातांना काम हवं म्हणून कोपऱ्यातला गंजाच्या पाण्याचा टप उचलला, सवयीने मागच्या दाराशी नेला आणि उंबऱ्यातच थांबली. टप जड होता. पाणी काठावर हिंदकळून तिच्या पायांवर सांडलं.

दादाने पुढे होऊन दुसरी कडी धरली.

"कुठे ओतायचं?"

तिने अंगणाकडे पाहिलं, झाडाच्या आळ्याकडे, ओढ्याकडे. मग दादाकडे.

"तू तरी सांग ना."

दादाने पकड बदलली. टप खाली मात्र कुणीच ठेवला नाही.